भिवराचा राखून ठेवलेला मणी

एका डोंगराच्या पायथ्याशी एक राज्य होतं. राज्य कसलं, एवढंसं होतं ते. राजा सकाळी घोड्यावर बसून राज्य बघायला निघाला की दुपारच्या जेवणाला घरी यायचा. पण राजा तो राजाच. आणि ए, पाय आत घे आधी पांघरुणात. मधूनमधून हूं म्हणा, नाहीतर मला वाटेल झोपलात.

तर त्या राज्यात भिवरा नावाची एक पटवेकरीण होती. पटवेकरीण म्हणजे मणी ओवून दागिने गाठवून देणारी बाई. भिवराची नजर मोठी कडक, बरं का. मूठभर मणी तळहातावर घ्यायची, अंगठा फिरवायची आणि नको ते बाजूला काढायची. हा चपटा, हा टवका उडालेला, हा मेला वाकडा. मणी विकणारे मणेरी तिच्यापुढं मणी मांडायला घाबरायचे. तिनं गाठवलेली माळ मात्र कधी तुटली नाही. सासरी जाणाऱ्या पोरीच्या गळ्यात भिवराच्या हातची पोत असली की आईला अर्धं समाधान वाटायचं.

मग एकदा काय झालं, राणीला मुलगी झाली. किती वर्षांनी झाली! नवस बोलून बोलून देव दमले, तेव्हा झाली. राणी इतकी घाबरली की नजर लागेल म्हणून तिनं मुलीला आतल्या खोलीत ठेवलं. एक पडदा, त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. ऊन नको, वारा नको, परकं माणूस नको. मुलगी रडायची नाही, हसायची नाही. आणि हळूहळू ती पुसट व्हायला लागली.

पुसट म्हणजे? अगं, दिसेनाशी. आधी नखं गेली. मग बोटं. हात उचलून धरला की हातातून पलीकडची भिंत दिसायची. हाताला लागायची, पण डोळ्याला नाही. राणीनं जेवण सोडलं. वैद्य आले, काढे झाले, अंगारे झाले. कशाचा म्हणून उपयोग नाही.

शेवटी म्हातारी सुईण म्हणाली, "महाराज, रीत विसरलात. नवसाच्या लेकरासाठी घरोघरी मणी मागायचा असतो. त्याची माळ गळ्यात पडली की लेकरू गावाचं होतं. मग ते जायचं म्हटलं तरी गाव त्याला जाऊ देत नाही."

राजा चांगला होता हं. तोरा नव्हता त्याला. खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याची झोळी केली आणि अनवाणी निघाला. दारोदार उभा राहायचा आणि म्हणायचा, "माय, लेकीसाठी एक मणी वाढ." सरदारणीनं मोती दिला. पाथरवटानं गारेच्या दगडाचे दोन घोटीव मणी दिले. कुंभारणीनं मातीचा मणी दिला, तोही घाईत भाजलेला आणि वाकडा. धनगराच्या घरून शिंगाचा आला, सुताराकडून लाकडाचे आले. एका म्हातारीकडं शेळीशिवाय काही नव्हतं. तिनं शेळीच्या गळ्यातला काचमणी सोडून दिला, टवका उडालेला. राजानं सगळे मणी आणून भिवराच्या सुपात ओतले. म्हणाला, "भिवराबाई, आता तुझ्या हातात आहे."

भिवरा बसली. आणि बसल्या बसल्या हाताला सवय ती सवय! अंगठा फिरला. मोती घेतला, गारेचे घेतले, चांगले चांगले सगळे घेतले. वाकडे, फुटके सुपात सोडून दिले. राजाच्या लेकीच्या गळ्यात शेळीचा मणी घालायचा की काय? तिनं झकास माळ केली आणि पडद्याआड जाऊन बाळाच्या गळ्यात बांधली.

दिवेलागणीला काय झालं ऐका. दोरा शाबूत, गाठ शाबूत, आणि मणी टपटप खाली! खाली पडले ते पडले, घरंगळत निघाले. उंबरा ओलांडला, पायऱ्या उतरले, गल्लीतून भिवराच्या घरात शिरले आणि सुपातल्या त्या टाकून दिलेल्या मण्यांत जाऊन बसले. मोती सगळ्यांत पुढं होता.

भिवरा मागोमाग धावत आलेली. सुपाकडं बघून तिचे कान लाल झाले. घरोघरी मागून आणलेलं ते. त्यात निवड करायचा तिला कुणी अधिकार दिला होता? तिनं सगळे मणी पुन्हा हातात घेतले.

मग दुसरी माळ केली. यात सगळे मणी घातले, एकही सोडला नाही. पण सवय जाते का इतक्या लवकर? देखणे पुढं ठेवले आणि वाकडे मानेच्या मागं दडवले. जागा सापडेल तिथं कोंबले म्हणा ना. मातीचा मणी गारेच्या दोन दगडांमधे सापडला. दिवसभर ते त्याला दोन्हीकडून घासत राहिले. बाळाच्या पाठीवर तांबडी माती सांडायला लागली, आणि कण्हल्यासारखा बारीक आवाज यायला लागला. राणी म्हणाली, "भिवरा, काहीतरी रडतंय गं, आणि ते माझं बाळ नाही." तोवर बाळाचे पायही दिसेनासे झाले होते.

भिवरानं ती माळ आपल्या हातानं सोडली. ती सगळे मणी पुढं घेऊन बसली आणि नुसती बघत राहिली. आजवर मणी चांगला की वाईट एवढंच तिनं पाहिलं होतं. कुणाशेजारी कोण सुखात राहील, हे कुठं पाहिलं होतं? मातीला लाकडाचा शेजार दिला. गारेच्या दोघांना लांब लांब बसवलं, त्यांची खोड मोडायला मधे जाड गाठी दिल्या. शेळीच्या मण्याचा वेज, म्हणजे दोरा जायचं भोक, आतून धारदार होता. तो तिनं वाळूनं घासून घासून गुळगुळीत केला. दोऱ्याला मेण लावलं. खरं सांगते, इतक्या मायेनं तिनं आजवर एकही दागिना गाठवला नव्हता.

आणि तरी माळ पुरी होईना! एका मण्याएवढी जागा मोकळी राहायची. मणी इकडं सरकवले की ती तिकडं जायची. शेवटची गाठ मारली की सुटायची. बाळाचे आता फक्त डोळे आणि जावळ दिसत होतं.

भिवरा रडकुंडीला आली. "महाराज, एखादं घर राहिलंय का हो?"

राजानं आठवून आठवून पाहिलं. मग म्हणाला, "एक राहिलं. तुझं. तू कामात होतीस, म्हणून तुझ्या दारात मी थांबलोच नाही."

भिवरा घरी गेली. तिच्याकडं मण्यांना काय तोटा? बरण्याच्या बरण्या भरलेल्या. त्यातला एक चांगला काचमणी तिनं नेला. दोरा त्याच्यात शिरेना, नुसता वळून मागं यायचा. मग पोवळं नेलं, तरी तेच. तेव्हा भिवराला कळलं, की हा दोरा कशासाठी अडून बसलाय.

तिच्याकडं एक मणी होता. मोराच्या मानेच्या रंगाचा. आईनं देवाघरी जाताना दिला होता. म्हणाली होती, "चांगल्याशा माळेत घाल हो." भिवरानं तो लाकडी करंड्यात ठेवला. कितीतरी लग्नं झाली, बारशी झाली. दर वेळी ती करंडा हातात घ्यायची, आणि म्हणायची, नको, ही माळ काही तेवढी खास नाही, याहून चांगली येईल. आणि करंडा परत फडताळात जायचा. आणि आता तो मणी कुठं घालायचा? शेळीच्या मण्याशेजारी! बाळ तो चघळणार, आपटणार, हरवणारसुद्धा. पण डोळ्यांपुढं ते तेवढे दोन डोळे आले. तिनं करंडा उघडला.

करंडा रिकामा!

भिवरानं बोट घातलं. बोटाला काहीतरी गार लागलं. मणी होता, पण दिसत नव्हता. रंग गेला, झळाळी गेली, बाळासारखाच पुसट झाला होता तो. जपून जपून तिनं त्याची ही गत केली होती. ती तिथंच खाली बसली आणि आईच्या आठवणीनं ढसाढसा रडली. मग उठली, मूठ घट्ट मिटली आणि चपला न घालता पळत सुटली.

वाड्यात आली, चाचपून चाचपून तिनं तो मणी ओवला. मातीच्या आणि शेळीच्या मण्याच्या मधे घातला. दोरा सुळकन आत गेला. गाठ बसली. भिवरानं माळ बाळाच्या गळ्यात बांधली. आणि पहिल्यांदा काय दिसलं? टाच! गुलाबी टाच. मग पोटरी, मग पोट, मग मुठी. आणि बाळानं असं काही भोकाड पसरलं, की घोड्यांनी दावणीत कान टवकारले.

राणीनं लेकीला उचललं आणि पुन्हा पडद्याआड निघाली. भिवरा आडवी आली. राणीला आडवी आली बरं का! म्हणाली, "राणीसरकार, हात जोडते. हिला करंड्यात ठेवू नका."

राणीनं भिवराचे सुजलेले डोळे पाहिले. मग वळली, तीन पडदे ओलांडले आणि बाळाला घेऊन पायरीवर उन्हात जाऊन बसली. गाव गोळा झालं. कुंभारीण म्हणाली, हा आमचा. धनगर म्हणाला, तो शिंगाचा आमचा. शेळीवाल्या म्हातारीनं बाळाला घेतलं नि मुका घेतला. या कडेवरून त्या कडेवर बाळ सगळ्या गावात फिरलं. उन्हात त्या मण्याला हळूहळू मोराच्या मानेचा रंग चढत गेला. आणि बाळानं तो धरला आणि थेट तोंडात घातला!

"अगं अगं!" म्हणत भिवराचा हात पुढं गेला. मग तिनंच तो मागं घेतला. म्हणाली, "चाव बाई, चाव. तुझ्यासाठीच आणलाय."

मग राजा सुखात, राणी सुखात, लेक वाढत गेली आणि मण्यांवर दातांचे वण वाढत गेले. आता डोळे मिटा. आणि हो, कपाटातला तो नवा परकर दिवाळीची वाट बघत ठेवलायस ना? उद्या घाल. झोपा आता.