शिवेवरची टिटवी

फार जुनी गोष्ट. वाघ, अस्वल आणि लांडगा यांची राज्ये एका माळावर मिळत. नेमकी कुठे, यावरून रोज भांडण. शेवटी कासवाला मोजणीला बोलावले. त्याने पावले मोजत जागा शोधली, तर तिथे टिटवी अंडी उबवत बसलेली!

"ऊठ गं, इथे दगड रोवायचाय," तिघे राजे गुरगुरले.

टिटवी अंड्यांवरून हलली नाही.

"उठवा की! पण माझ्या घरट्याखाली तिघांचीही जमीन आहे. ज्याचा पंजा पुढे येईल, तो दुसऱ्याच्या राज्यात घुसेल."

पुढे आलेले पंजे हळूच मागे गेले. वाघ खाकरला. "पिल्लं उडेपर्यंत ही टिटवीच आपली शीव."

"मग जरा सरका," टिटवी म्हणाली, "ऊन अडतंय."

तिन्ही राजे निमूटपणे बाजूला झाले.