दोन गाड्यांचं वजन

"दोन्हींत सरस कोणती, तेवढं सांगा ना बुवा..."

अभिरामनं पुन्हा विचारलं. आमचे गुरू धुंडिबुवा गाड्यांच्या शेडच्या दारात बसून शेंगा सोलत होते. ते सोलतच राहिले.

आमच्या मठात दोन जुन्या फ्रेंच गाड्या आहेत, दोन्ही सित्रोएन. छत्तीस सालची काळी राजेसाहेबांनी दिलेली, अडुसष्टची करडी त्यांच्या नातवानं. बुवांना गाडीतलं ओ की ठो कळत नाही. अभिरामला सगळं कळतं, आणि ते आम्हा सगळ्यांना कळावं याची तो फार काळजी घेई.

संध्याकाळी त्याची दीक्षा होती. दीक्षेनंतर दोन्हींतली एक गाडी सांभाळायला त्याच्या ताब्यात जाणार होती. आमच्याकडे आई हयात असेल तर दीक्षेला तिची परवानगी लागते. आपली आई वारली, असं त्यानं आल्या दिवशीच सांगून टाकलं होतं.

शेवटी त्यानंच निकाल दिला. काळी जुन्या वळणाची. माणूस बसलं की दबते आणि दबलेलीच राहते. करडीत स्प्रिंगच्या जागी तेल आणि हवा. कितीही वजन टाका, जराशी खाली जाते आणि आपोआप पूर्ववत उठते.

"म्हणजे आत कोणी बसलंय हे कळतच नाही?" बुवांनी विचारलं.

"तीच तर मजा आहे, बुवा."

"बसून दाखव बघू. दोन्हींत."

त्यानं करडी सुरू केली, उतरला, पुन्हा बसला. गाडी दबली, सुस्कारली, वर आली. मागची बाजूही दबल्यासारखी मला वाटली, पण नीट बघेपर्यंत सगळं सपाट झालं होतं.

मग तो काळीत बसला. एकटाच.

पुढून ती जरा दबली. मागची दारं बंदच होती. तरी मागून काहीतरी कुरकुरलं आणि गाडी डावीकडं हळूहळू खाली गेली... आणि तिथंच राहिली.

खोटं कशाला बोलू, मला पळावंसं वाटलं.

अभिरामनं आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी होती. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं.

"आई कुठं असते?" बुवांनी विचारलं. जेवलास का विचारावं, तशा आवाजात.

"कराडला," तो म्हणाला. "जिवंत आहे. संध्याकाळपर्यंत येतो म्हणून निघालो होतो... दोन वर्षं झाली."

बुवा उठले. टरफलं झटकली. काळीचं मागचं डावं दार उघडून त्यांनी हात पुढं केला आणि थांबले. म्हाताऱ्या माणसाला उतरायला लागतो तेवढा वेळ थांबले.

गाडी वर आली नाही.

त्यांनी हात मागं घेतला. दार हलकेच लावलं.

"इथं नाही उतरायच्या त्या, कराडलाच उतरतील," बुवा म्हणाले. "गाडी सावकाश घे. त्यांना धक्के सोसत नाहीत."