भागोजीने टॉवर पकडला

एका गावात एक भोळा कल्हईवाला होता. नाव भागोजी. सांगाल ते तो अगदी तस्संच करायचा आणि तिथेच घोटाळा व्हायचा.

त्याची बायको कुंदा मात्र हुशार. दूध संघात संगणकावरची नोकरी निघाली होती, अकरा वाजता लॅपटॉपवरच मुलाखत होती. सहा महिने ती या दिवसाची वाट पाहत होती. लॅपटॉप नणंदेचा आणला होता. त्याला नेट मोबाईलचं द्यायचं होतं.

वेणी घालता घालता कुंदा म्हणाली, “अहो, घरात रेंज नाही. मोबाईल जरा उंचावर ठेवा.”

भागोजीने शिडी लावली आणि मोबाईल कौलांवर ठेवून आला.

“अगं बाई, इतक्या लांब? लॅपटॉपला त्याचंच नेट घ्यायचंय! दोघं जवळ हवेत.”

“बरं, जवळ ठेवतो.”

त्याने मोबाईल लॅपटॉपच्या पोटात ठेवला, झाकण मिटलं आणि वरून मुंडासं आवळलं.

“अहो, तापलाय तो! हवा लागू द्या त्याला.”

“बरं, हवा लावतो.”

घरात प्लगची जागा एकच. भागोजीने लॅपटॉपचा चार्जर उपटला आणि टेबलफॅन लावला. मोबाईल मजेत हवा खात बसला. लॅपटॉपची बॅटरी तीन टक्क्यांवर आली.

कुंदा रडकुंडीला आली. “चार्जर लावा आधी! प्लग सैल आहे, दाबून धरा. आणि एकदा धरलं की सोडायचं नाही!”

“बरं, सोडणार नाही.”

अकरापर्यंत बॅटरी निम्मी भरली. भागोजीची बोटं मात्र कुंदाला एकेक करून सोडवावी लागली.

साहेब पडद्यावर आले. त्यांनी नाव विचारलं आणि तोंड उघडं ठेवून तिथेच थिजले.

“गेलं!” कुंदाने कपाळावर हात मारला. “फोन टॉवर पकडत नाहीये!”

भागोजीने फोनकडे पाहिलं. बिचाऱ्याला हात कुठे होते? त्याने तो बंडीच्या खिशात घातला आणि धूम ठोकली.

कुंदाने वळून पाहिलं, तर नवराही नाही आणि फोनही नाही. दारातून तो टेकडी चढताना दिसला. ती धापा टाकत मागोमाग वर पोचली. भागोजी तीन पुरुष उंचीवर, मोबाईलच्या टॉवरला मिठी मारून. खिशात फोन खणखणत होता.

“अहो, साहेबांचाच असेल! उचला!”

“हात कसा सोडू? तूच म्हणालीस ना, धरलं की सोडायचं नाही!”

फोन वाजून वाजून गप्प झाला. कुंदा मटकन खाली बसली आणि रडू लागली.

भागोजीला तिची फार दया आली.

“अगं, बसलीस काय? मी पक्का धरलाय! तू घरी जा, निवांत मुलाखत दे. तोवर मी इथून हलत नाही!”