उतारावर अडलेली घोडी

“…मैदानात माझ्या नुसत्या बोटाच्या इशाऱ्यावर वळते ही. मग पाण्याशीच का अडते, बाबा?”

हैबतराव शिलेदार घोडीवरूनच विचारत होता. खाली उतरून नमस्कार करावा, एवढंही त्याला सुचलं नव्हतं. राग नाकाच्या शेंड्यावर आणि चाबूक हातात.

नदीच्या उतारापाशी, जिथून माणसं-जनावरं पाणी ओलांडत, तिथं भैरवपुरी गोसाव्यांची मठी होती. अंगाला राख फासण्यापूर्वी ते चाबुकस्वार होते. भल्याभल्या द्वाड घोड्यांना त्यांनी माणसात आणलं होतं.

“अडली तर काय होईल?” त्यांनी विचारलं.

“उद्या पहाटे पथक इथूनच पलीकडे न्यायचंय. सगळ्यांच्या पुढं मी. भर धारेत ही थांबली, तर मागची घोडी एकमेकांवर चढतील. माणसं वाहून जातील, बाबा.”

“उतर.”

हैबतराव उतरला. गोसावी घोडीवर बसले आणि लगाम त्यांनी तिच्या मानेवर टाकून दिला. घोडी निमूट पाण्यात शिरली, पोटापर्यंत गेली, वळून परत आली.

हैबतरावाचं तोंड एवढंसं झालं.

“कोणता मंत्र घातलात?”

“बस. आता तू घाल पाण्यात.”

तो बसला. गोसावी जवळ आले. घोडीची कूस आणि हैबतरावाचा गुडघा यांच्यामध्ये त्यांनी आपला म्हातारा पंजा सरकवला.

“चल!” हैबतराव ओरडला.

घोडी जागची हलली नाही. त्यानं चाबूक उगारला. तेवढ्यात गोसाव्यांनी पंजा कसाबसा ओढून काढला आणि त्याच्यापुढं धरला. गुडघ्याखाली चेपून बोटं पांढरीफटक पडली होती.

“तोंडानं चल म्हणालास. गुडघ्यानं काय म्हणालास?”

हैबतराव त्या पंजाकडे बघत राहिला…

“ती ऐकते रे तुझं. सगळं ऐकते.”

नदी वाहत होती. हैबतरावाची नजर पंजावरून धारेकडे गेली.

“कोण गेलं इथं?” गोसाव्यांनी हळूच विचारलं.

“रायाजी… धाकटा भाऊ. गेल्या पुरात. ‘घाल घोडा, काही होत नाही,’ असं मीच म्हणालो होतो.”

“दिवस केलेस त्याचे?”

“देह कुठं सापडला? आई म्हणते, येईल. मीही… तेच म्हणतो.”

चाबूक हातातून गळून पडला, ते त्याला कळलंही नाही. एवढा दांडगा शिलेदार, पण त्या घडीला कुणालाही त्याची दया आली असती.

“बाबा, पहाट व्हायच्या आत एवढी घोडी शिकवा. पाया पडतो.”

गोसावी पाण्यात उतरले. कमरेएवढ्या धारेत उभं राहून त्यांनी त्याच्याकडे हात पुढे केला.

“घोडीचं राहू दे. तू ये… रायाजीच्या नावानं ओंजळ भर.”