खिरीतला काढा

खूप जुन्या काळची गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राजाचं नावही आता कुणाच्या लक्षात नाही. डोंगराच्या कुशीत त्याचं लहानसं राज्य होतं. त्याचा बाप लवकर गेला, तेव्हा त्याच्या आईने घोड्यावर मांड ठोकून ते राज्य राखलं होतं. सारे तिला आईसाहेब म्हणत, आणि राजाचा तिच्यावर फार जीव होता.

म्हातारपणी आईसाहेब आजारी पडल्या. पाय सुजले. चार पावलं टाकली की धाप लागे. वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि पुनर्नवेचा काढा दिला. म्हणाले, "सकाळी एकदा, रात्री निजताना एकदा. अंगात साठलेलं पाणी उतरेल."

काढ्याने गुण येऊ लागला. आणि एके दिवशी आईसाहेबांनी पेला बाजूला सारला.

"मला नको."

का नको, ते काही सांगेनात. राजाने विनवलं, राणीने विनवलं, वैद्यबुवांनी समजावलं. आईसाहेब भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. सूज पुन्हा चढू लागली. तेव्हा राजाने भिवराला बोलावणं धाडलं.

भिवरा आजाऱ्यांची सेवा करणारी बाई. औषध वैद्य देत. पण आजाऱ्याला कुशीवर वळवणं, अंग पुसणं, जखम धुणं, तापाने फणफणलेल्या माणसाजवळ बसून राहणं, हे भिवराचं काम. तिचा हात हलका होता आणि बोलणं मऊ. आईसाहेबांना ती पहिल्याच दिवशी आवडली. तिच्या हातची खीर त्या वाटी पुसून खात. काढ्याचं नाव निघालं की मात्र ओठ मिटून घेत.

राजाने भिवराला बाजूला घेतलं.

"तुझ्या हातची खीर ती खाते ना? मग काढा त्यातच घाल. वेलदोडा जरा जास्त टाक, म्हणजे कळणार नाही."

भिवरा अडखळली. "महाराज, त्यांना न सांगता?"

"सांगून घेते का ती? भिवरा, बाप मला आठवतसुद्धा नाही. आता हीही गेली तर? तिच्या भल्याचंच सांगतोय ना मी?"

भिवराच्या मनाला ते पटत नव्हतं. पण लेकाच्या डोळ्यांतलं पाणी पाहून ती विरघळली. भल्यासाठीच तर आहे, असं तिने स्वतःला बजावलं आणि काढा खिरीत ओतला.

आईसाहेबांनी पहिला घास घेतला आणि थांबल्या. कडूपणा वेलदोड्याआड दडला नव्हता. त्यांनी भिवराकडे पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर भिवराला हलकं वाटलं असतं. पण त्यांनी वाटी हळूच खाली ठेवली.

त्या दिवसापासून आईसाहेबांनी भिवराच्या हातचं खाणं सोडलं. मग राणीच्या हातचं सोडलं. मग मुदपाकखान्यातून आलेलं ताट तसंच परत जाऊ लागलं. त्या एखादं केळं घेत, तेही स्वतः सोलून. भिवरा पाठ चोळायला गेली की त्यांचं अंग आखडून जाई. काढा तर पोटात गेला नाहीच, वर अन्नही तुटलं.

आपण काय करून बसलो ते भिवराला उमगलं. आजाऱ्याचा विश्वास हाच तिचा आधार होता, आणि तोच तिने आपल्या हाताने मोडला होता. ती पलंगाजवळ जमिनीवर बसली.

"आईसाहेब, खिरीत काढा मी घातला. सांगणारं कुणीही असो, हात माझा होता. चुकले मी. यापुढे तुमच्या नकळत तुमच्या तोंडात काही जाणार नाही."

आईसाहेबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. भिवराच पुढे म्हणाली, "काढा नको असेल तर नका घेऊ. का नको, ते सांगायचं नसेल तर नका सांगू. न घेतल्याने सूज वाढेल, श्वास कोंडेल, हेही मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण तुम्ही काहीही ठरवलंत तरी मी इथून हलणार नाही."

मग आईसाहेब भिंतीकडे पाहतच बोलू लागल्या.

"त्या काढ्याने रात्री सारखं उठावं लागतं. हे जड पाय घेऊन उठेपर्यंत…" त्यांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. "अंथरूण भिजतं गं. मी राज्य चालवलंय, भिवरा. आणि कुणी जागं व्हायच्या आत, भिंतीला धरून धरून, मोरीत स्वतःची चादर पिळलीय. त्यापेक्षा मरण परवडलं."

भिवराने त्यांचा हात हातात घेतला. या वेळी तो आखडला नाही.

"निजताना घेण्याऐवजी काढा दुपारी घेतला तर? पण ते वैद्यबुवांना विचारावं लागेल, आणि कारणही सांगावं लागेल. सांगू?"

"वैद्यांना सांग. माझ्या लेकाला नाही."

वैद्यबुवांनी सारं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "मी सूज पाहिली, लाज पाहिली नाही. दुपारी द्या. रात्री नकोच." भिवराने पलंगाशेजारी भांडं ठेवलं, उठताना धरायला एक दोर बांधला, आणि दाराला जाड पडदा लावला. आईसाहेबांनी पेला स्वतःच्या हाताने उचलला आणि तोंड वाकडं करत रिकामा केला.

राजाला आनंद झाला, आणि नवलही वाटलं. त्याने भिवराला विचारलं, "इतके दिवस ती का घेत नव्हती?"

"ते मला सांगता येणार नाही, महाराज."

"माझ्या आईची गोष्ट माझ्यापासून लपवतेस?"

"माझी असती तर सांगितली असती. ती त्यांची आहे."

"मी राजा आहे!"

भिवरा दाराच्या पडद्यासमोर उभी राहिली. "एकदा तुमचं ऐकून मी त्यांना फसवलं. त्याचं फळ आपण दोघांनी पाहिलं. आता नाही."

"मग चालती हो इथून!" राजा गरजला.

तेवढ्यात पडद्याआडून आवाज आला. "जाईल ती, पण मी सांगितल्यावर. गप्प राहायला मीच तिला सांगितलंय. बाळा, तुझं राज्य वेशीपर्यंत आहे. माझ्या अंथरुणापर्यंत नाही."

राजाने मान खाली घातली. मग तो पडद्याबाहेरूनच म्हणाला, "आई, आत येऊ?" आजवर त्याने असं कधी विचारलं नव्हतं.

आईसाहेब अगदी ठणठणीत झाल्या नाहीत. म्हातारपणाला कुठला काढा? पण सूज उतरली, धाप कमी झाली, आणि पुढली काही वर्षं त्या सन्मानाने जगल्या.

भिवराने आजाऱ्याचं गुपित राजालाही सांगितलं नाही, ही बातमी गावभर झाली. मग एक पैलवान तिच्याकडे आला. त्याच्या खोकल्यातून रक्त पडत होतं आणि घरात कुणाला ठाऊक नव्हतं. एक नवी सून आली, छातीतली गाठ लपवून लपवून थकलेली. ज्यांनी दुखणी उराशी दडवून ठेवली होती, ती माणसं एकेक करून तिच्या दाराशी येऊ लागली, आणि त्यातली कितीतरी वेळेवर आल्यामुळे वाचली.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात असू द्या: आजाऱ्याचं भलं त्याला फसवून होत नाही, त्याला विचारून आणि त्याचा विश्वास जपूनच होतं.