टिटवीने दाखवलेला खूर

एका जंगलात ओढ्याच्या काठी एक भिडस्त टिटवी राहत असे. सभेला ती जाई, पण उभी राही मागच्या दगडाआड. त्या जंगलात पाऊस सरला की प्राणी आपला प्रमुख निवडत. ज्याच्यापुढे जास्त खडे पडतील, तो प्रमुख. त्याने काही ठरवले, की ओढ्याकाठच्या ओल्या चिखलात आपले पाऊल उमटवायचे, अशी तिथली रीत होती. त्या वर्षी गवा निवडून आला. टिटवीनेही आपला खडा त्याच्यापुढेच ठेवला होता. वरचा डोह भरलेला राहावा म्हणून ओढा अडवायचे गव्याने ठरवले. सर्वांसमोर त्याने खूर उमटवला आणि माकडांनी दगड रचले.

उन्हाळ्यात डोह तुडुंब राहिला, पण खालचा ओढा कोरडा पडला. टिटवीची चार अंडी तिथेच उघड्या वाळूत होती. एरवी ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून येई आणि अंड्यांवर बसून त्यांना गारवा देई. आता डोहावरून परत येईपर्यंत पिसे वाळून जात. अंडी तापू लागली, तेव्हा मात्र टिटवी सभेत दगडाआडून पुढे आली.

"गवादादा, खाली पाणी नाही," ती हळूच म्हणाली.

"उन्हाळा आहे, त्याला मी काय करू?" गवा म्हणाला.

कोल्हा हसला. "टिटवीबाई, आता सूर्याला जाब विचारा."

"सूर्य दरवर्षी येतो," टिटवी म्हणाली. "दगड यंदा आले."

"दगड माकडांनी रचले," गवा घाईने म्हणाला.

"रचले आम्हीच," म्हातारे माकड म्हणाले, "पण रचायला सांगितलं कोणी?"

टिटवी तुरुतुरु चालत काठावर गेली आणि एका जागी थांबली. चिखल वाळून दगडासारखा झाला होता. त्यात एक मोठा खूर स्पष्ट उमटलेला होता. "दादा, माझा खडा तुमच्याच पुढे पडला होता. म्हणून तुम्हालाच विचारते. हा खूर कोणाचा?"

गव्याने त्या खुराकडे पाहिले.

"माझा," तो म्हणाला. "ठरवलं मी आणि खालच्यांना विचारायचं विसरलोही मीच."

त्याने माकडांना हाक मारली नाही. स्वतःच्या शिंगांनी त्याने मधले दगड बाजूला केले. दुपार व्हायच्या आत ओढ्याला पाणी आले, आणि ओल्या पोटाची टिटवी अंड्यांवर जाऊन बसली.

पुढच्या निवडीच्या दिवशी गवा खडे मागायला आला, तो आधी, पावसाने पुसलेल्या त्या खुराच्या जागी पाय ठेवून उभा राहिला. म्हणाला, "विचारा." सभेत सर्वांत पुढे, मान ताठ करून, टिटवी उभी होती. तिच्यामागे तिची चार पिल्ले होती.

तात्पर्य : ज्याला आपण निवडून देतो, त्याला त्याच्या निर्णयाचा जाब विचारणे हे आपलेच काम आहे, आणि ते मान ताठ ठेवून करावे.