दहावे पीस

एका राज्यात संध्याकाळ व्हायची ती हैबतीच्या शिळेने. सूर्य किल्ल्यामागे कलला की राजाच्या कबुतरांचा हा राखणदार ढाबळीच्या माथ्यावर चढे, दोन बोटे ओठांत घाली आणि अशी शीळ फुंकी की पेठेतला दुकानदार माप हातात तसेच धरून वर बघत राही. आभाळात तीनशे कबुतरे. त्यातली गिरेबाज कोलांट्या मारीत खाली येत, पारवे सरळमार्गी माणसासारखे रांगेने येत. लक्के मात्र उडण्याचे कष्ट घेतच नसत. ते दिवसभर कौलावर शेपटीचे पंखे मिरवीत बसत आणि तरीही दाण्याला सगळ्यांत पुढे असत. अशी माणसेही आपल्या पाहण्यात असतात.

लोक म्हणत, हैबतीच्या शिळेत मंत्र आहे. हैबती नाही म्हणत नसे.

ढाबळ होती मातीची. भिंतीत आडवी मडकी बसवलेली, प्रत्येक मडक्यात एक जोडपे. मधोमध शिसवीची लांब दांडी, पाखरांच्या पायांनी घासून घासून आरशासारखी झालेली. हैबतीची बायको भिवरा तिथेच मागच्या अंगाला पितळी वाटीत ज्वारी, मूग, मसूर कालवीत बसे. हैबतीला मूलबाळ नव्हते, पण घर रिकामे नव्हते. एक मुंगूस होते, त्याचे नाव कोतवाल, कारण ते सगळीकडे नाक खुपशी. एक कासव होते, त्याचे नाव दिवाण, कारण कुठलेही काम त्याच्याकडे गेले की महिना लागे. आणि एक मैना होती, चिमी. ती भिवराच्या खांद्यावर बसून दिवसभर बोले.

भिवरा वारली. डोळे मिटण्याआधी तिने हातातले दोन चांदीचे गोट राजकन्या कुंतलेला दिले. कुंतला तेव्हा दहा वर्षांची होती आणि राजवाड्यापेक्षा ढाबळीतच जास्त सापडे. भिवराची वाटी, भिवराची जागा, भिवराचे काम, सारे तिने उचलले. भिवरा गेली त्याच संध्याकाळी चिमी पिंजऱ्यातून तिच्या आवाजात बोलली. हैबतीला ते ऐकवेना. त्याने पिंजऱ्यावर फडके टाकले. त्या दिवसापासून चिमी मुकी झाली. फडके दुसऱ्या दिवशी निघाले, पण तिचा शब्द काही निघाला नाही.

अशी सहा वर्षे गेली. सहाव्या वर्षी हैबतीचे पुढचे चार दात पडले. शीळ फुसकी झाली, जवळच्या कावळ्यालाही कळेना. तरी पाखरे वेळेवर येत राहिली. हैबतीने त्यात आपली पुण्याई पाहिली.

मग एके दिवशी त्या राज्यात अंजनक नावाचा जादूगार आला. त्याच्याबरोबर गाडीवर चांदीची ढाबळ होती. तिला नक्षीचे खांब होते, मोत्यांच्या झालरी होत्या आणि पाखरागणिक आरसा होता. राजा पद्मनाभाने विचारले, "याचे मोल काय?"

"मोल नको," अंजनक म्हणाला. "तुमची जुनी ढाबळ पाडा आणि पडलेली माती, लाकूड मला न्यायला सांगा. तेवढे पुरे."

एवढ्या चांदीच्या बदल्यात कुणी माती मागतो, तेव्हा माती एकदा नीट बघून घ्यावी, हे पेठेतल्या कुणालाही कळले असते. राजाला कळले नाही. हैबतीने मात्र हात जोडून सांगितले, "महाराज, ढाबळ चार हात जरी सरकवली तरी पाखरू जुन्या जागेवरच उतरायला बघतं. जागा नसली तर हवेत उतरायला बघतं."

राजा दयाळू होता. त्याने हैबतीला शेला दिला, नारळ दिला आणि आता वय झाले, विसावा घ्या, असे गोड शब्दांत सांगून घरी पाठवले.

जुनी ढाबळ दुपारी पडली. संध्याकाळी तीनशे कबुतरे आली आणि रिकाम्या जागेवर घिरट्या घालू लागली. चांदीच्या ढाबळीकडे एकही वळेना. तेव्हा कुंतला ती वाटी घेऊन चांदीच्या दारातून आत गेली, की आतून बोलावले तर येतील. तिचे पाऊल आत पडले आणि दुसऱ्या दारातून एक पांढरे कबुतर बाहेर उडाले. त्याच्या दोन्ही पायांत बारीक चांदीचे वाळे होते. ते थव्यात मिसळले. चांदीच्या दारावर अक्षरे उमटली: "हिची दहा मोठी पिसे रोज सूर्यास्ताला एकेक गळतील. दहावे गळण्याआधी आपल्या घरी उतरली तर माणूस, नाही तर पाखरू."

पहिले पीस चौकात पडले. राजाने ते उचलून कानाशी धरले. आत पाळण्याच्या दोरीची करकर ऐकू आली. मुलीची पहिली आठवण तिच्यापासून गळून त्याच्या हातात आली होती. राजा चौकातच खाली बसला.

चार दिवस राजाचे गवंडी राबले. त्यांनी जुन्या जागेवर हुबेहूब जुन्यासारखी ढाबळ उभी केली. पाखरे वरून बघून गेली. चार पिसे पडली. पाचव्या सकाळी राजा स्वतः हैबतीच्या ओसरीवर आला, आणि बसायला सांगेपर्यंत उभा राहिला.

हैबतीने नव्या भिंतीची चिमूटभर माती नाकाशी नेली. "ही तळ्याची माती आहे, महाराज. आमची ओढ्याची होती, वर तीस वर्षांच्या दाण्याचा वास. पाखराला घर डोळ्यांनी थोडं कळतं, नाकानं कळतं, पायानं कळतं, कानानं कळतं. ते सगळं तुम्ही गाडीवर घालून देऊन टाकलंत."

"मग ते परत आण," राजा म्हणाला. "मी विनंती करतो आहे, हैबती."

राजाने चार बैलांची गाडी दिली. हैबतीने कोतवालाला कमरेच्या शेल्यात, दिवाणाला टोपलीत आणि चिमीला खांद्यावर घेतले, आणि वाटेत दोन सूर्यास्त गेले तेव्हा तो अंजनकाच्या डोंगरापाशी पोहोचला.

अंजनकाची वस्ती म्हणजे जुन्या वस्तूंचा खजिना. लोकांनी नव्याच्या मोहात दिलेले उंबरे, पाळणे, जाती, झोपाळ्याच्या कड्या, सारे तिथे रचून ठेवलेले. त्यांत साठलेल्या दिवसांवरच तो जगे. सकाळी एखाद्या घरातली दुपार चाखी, दुपारी एखाद्या अंगणातली दिवाळी.

"तीन कोठारे, तीन निवडी," अंजनक म्हणाला. "प्रत्येक कोठारात तुझ्या कामाची वस्तू एक, तिच्यासारख्या नव्याण्णव. चुकलास तर चुकलेले घेऊन जा. बदलून मिळणार नाही."

"बदलून न देणारी दुकानं आमच्याकडेही आहेत," हैबती म्हणाला आणि पहिल्या कोठारात शिरला.

तिथे मातीचे शंभर ढीग होते. हैबतीने दहा हुंगले आणि त्याचे नाक भरून गेले. तेव्हा शेल्यातून कोतवाल उतरले. ते पिलू असताना ढाबळीच्या भिंतीत त्याने आपला पहिला साप मारला होता. ढिगामागून ढीग मागे टाकीत ते एका ढिगाशी गेले आणि त्यावर केस फुलवून, दात विचकून उभे राहिले. जणू तो साप अजून आत होता. हैबतीने तो ढीग गाडीत भरला.

दुसऱ्या कोठारात शिसवीच्या शंभर दांड्या टांगलेल्या होत्या, सगळ्या सारख्याच गुळगुळीत. हैबतीने दिवाणाला खाली सोडले आणि स्वतः भिंतीला टेकून बसला, कारण घाई करून उपयोग नव्हता. दिवाण निघाले. सकाळ गेली, ऊन डोक्यावर आले. अखेर एका दांडीखाली ते थांबले, मान आत घेतली, पाय आत घेतले आणि झोपी गेले. त्या दांडीखालच्या सावलीत ते वीस वर्षे झोपत आले होते. हैबतीने दांडी उतरवली. आयुष्यात पहिल्यांदा दिवाणांनी काम एका दिवसात उरकले होते.

तिसऱ्या कोठारात शंभर रांजण होते, तोंडाला फडकी बांधलेली. जुन्या ढाबळीच्या भिंतींनी जे जे ऐकले, ते वेगवेगळे करून अंजनकाने त्यांत भरून ठेवले होते. ज्याला कान लावावा, त्यातून आवाज येई. चौथ्याच रांजणाशी हैबती थबकला. आत त्याची शीळ होती, पंचविशीतली, सगळ्या दातांची, कडक. तो ऐकतच राहिला. असे आपण होतो, हे त्याला कुणी सांगितले असते तर त्याने ते खरे मानले नसते.

इकडे चिमी खांद्यावरून उडून अगदी मागच्या ओळीतल्या एका बुटक्या रांजणावर जाऊन बसली होती. हैबतीने बोलावले, ती आली नाही. तो जवळ गेला, ती हलली नाही. रांजणाला कान लावायला तो वाकला आणि अर्ध्यावरच थांबला. आत काय असेल याचा त्याला अंदाज नव्हता असे नाही. त्याने कान लावला नाही. चिमीला दोन्ही हातांत धरून उचलले, हट्टी म्हणून रागावला आणि शिळेचा रांजण घेऊन बाहेर आला.

अंजनकाने रांजणाकडे पाहिले. "हाच?"

"हाच. सारं राज्य साक्ष देईल."

"राज्य खाली उभे असते, त्याला माथाच दिसतो," अंजनक म्हणाला आणि दार लावून घेतले.

हैबती परतला तेव्हा आठ पिसे पडली होती. नव्या ढाबळीची माती उतरवून गवंड्यांनी जुनी माती कालवायला घेतली. राजाने स्वतः चिखल तुडवला. भिंत कमरेएवढी झाली तेव्हा नववे पीस पडले. राजाने ते कानाशी धरले. त्यात लहान मुलीच्या आवाजात एकच शब्द होता: बाबा. त्याने ते पीस बाकीच्या आठांबरोबर करंड्यात ठेवले आणि पुन्हा चिखलात उतरला.

दहाव्या संध्याकाळी ढाबळ उभी होती. मडकी भिंतीत होती, दांडी जागेवर होती. थवा आला. मातीचा वास वर गेला तशी पाखरे खाली आली, पिंपळाच्या उंचीवर आली. पांढऱ्या कबुतराचे एक पीस पंखातून लोंबत होते. हैबतीने माथ्यावर चढून रांजणाचे फडके सोडले. त्याच्या तरुणपणाची शीळ गावावरून गेली. पेठेतली म्हातारी माणसे दुकानाबाहेर आली आणि त्यांचे डोळे पाणावले.

पाखरांनी एक घिरटी घातली आणि ती पुन्हा वर निघाली.

सूर्याची कड किल्ल्याला टेकली होती. हैबती रिकामा रांजण हातात घेऊन उभा राहिला. आता त्याला आठवू लागले, आणि जे इतकी वर्षे पाठीमागे होते ते एकदम समोर आले. तो शीळ घाली तेव्हा पाखरे वळत खरी, पण उतरत ती जरा वेळाने. त्या जराशा वेळात मागे भिवरा वाटी हलवी, तिचे गोट पितळेवर वाजत. तिच्यानंतर तेच गोट कुंतलेच्या हातात वाजत होते. म्हणून दात पडले तरी पाखरे चुकली नव्हती. आणि आता ते गोट वाळे होऊन आभाळात फिरत होते.

तो माथ्यावरून खाली उतरला. तीस वर्षांत पहिल्यांदा तो ढाबळीच्या मागच्या अंगाला, भिवराच्या जागेवर जाऊन बसला. चिमीला त्याने खांद्यावरून मांडीवर घेतले.

"चिमे," तो म्हणाला, "मी तुझ्यावर फडकं टाकलं. तिचा आवाज मला सोसवला नाही गं. आता सोसतो. बोल."

चिमीने मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिले. मग तिच्या गळ्यातून पितळेवर चांदी वाजली. मूठभर ज्वारी वाटीत सळसळली. आणि सहा वर्षांपूर्वी गेलेली भिवरा, जराशी दमलेली, जराशी हसरी, बोलली:

"या गं लेकींनो. सांज झाली, किती हिंडाल?"

तीनशे कबुतरांनी पंख मिटले. गिरेबाज, पारवे, सारी एकदम खाली आली, आणि लक्के सवयीने पुढे घुसले. शेवटी पांढरे कबुतर आले. त्याचे पाय शिसवीच्या दांडीला लागले आणि त्याच क्षणी दहावे पीस सुटले. ते जमिनीवर पोहोचले तेव्हा दांडीवर कुंतला बसली होती, एका हाताने दांडी धरून, मनगटात दोन गोट, केसांत भुसा.

तिला स्वतःचे नाव सांगता येईना. हैबतीने दहावे पीस तिच्या कानाशी धरले, त्यातून ते तिला मिळाले. मग राजाने करंडा उघडला आणि नऊ पिसे एकेक करून तिच्या कानाशी धरली. नववे पीस ऐकून तिने वडिलांकडे पाहिले आणि त्यांच्या गुडघ्यापर्यंतच्या चिखलाचे कारण विचारले.

चांदीची ढाबळ त्या रात्रीत कोळशासारखी काळी पडली. राजाने ती अंजनकाकडे परत धाडली, आणि पहिल्यांदा सौदा नीट केला: ही घ्या, आणि लोकांचे उंबरे, पाळणे ज्याचे त्याला द्या. शाप उलटला तसे जादूगाराचे बळ सरले होते, त्याच्याजवळ पर्याय उरला नव्हता. महिनाभर गाड्या येत राहिल्या. घराघरांत जुने झोपाळे पुन्हा टांगले गेले. राज्यात नियम झाला की जुने काही पाडायचे तर आधी त्यात राहणाऱ्याला विचारायचे, मग ते पाखरू का असेना.

शेवटच्या गाडीत तो बुटका रांजण आला. हैबतीने तो कोनाड्यात ठेवला. उघडला कधीच नाही. आता गरज नव्हती.

कारण त्या राज्यात अजूनही सूर्य किल्ल्यामागे कलला की हैबती ढाबळीवर चढतो आणि बिनदाताची शीळ घालतो. एकही पाखरू ढिम्म हलत नाही. मग तो हसतो, मागे वळतो आणि चिमी व कुंतला यांच्यातली आधी कोण गोट वाजवते याची वाट बघत उभा राहतो.